रस, ऊन आणि अंगावरील डाग

गेल्या वर्षीं वैशाखांत आमच्या गांवीं एक लग्न झालें. गांव नाशिकपासून सात-आठ कोसांवर. लग्न भर दुपारचें, वऱ्हाड मोठें. सरबतासाठीं तीन-चारशें लिंबें लागलीं आणि तीं आमच्याच मळ्यांतून गेलीं. हें आरंभींच सांगावयाचें कारण असें कीं, पुढें जो प्रकार घडला त्यांत आमच्या झाडांचा थोडा व आमच्या लेखणीचा पुष्कळ हात होता, आणि दोहोंचाही हिशेब वाचकांपुढें ठेवणें आम्हांस प्राप्त आहे.

लग्नानंतर तिसरे दिवशीं शेजारच्या एका शेतकऱ्याचा चार वर्षांचा मुलगा अंगावर खुणा घेऊन उठला. उघड्या पाठीवर दोहों बाजूंस चार-चार बोटें उमटलेलीं. कडेनें लाल, मध्यें जांभळट काळीं, आणि दोन बोटांच्या जागीं पाण्यानें भरलेले फोड. ह्या मुलाची जन्मदात्री आई दोन वर्षांपूर्वीं वारली. घरांत सावत्र आई आहे. एवढें सांगितल्यावर गांव काय म्हणालें असेल हें निराळें लिहिण्याची जरूर नाहीं. सायंकाळच्या आंत पोरास उलथन्यानें डागलें अशी वार्ता चावडीपर्यंत गेली, आणि दुसरे दिवशीं सकाळीं सिन्नर तालुक्यांतून मुलाचा मामा दोन माणसें बरोबर घेऊन आला.

मामा प्रथम आमचेकडे आला. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. अर्ज, जबाब, पंचनामे ह्यांवर हात बसलेला. त्यामुळें गांवांत कोणास सरकारदरबारीं कांहीं लिहावयाचें झालें कीं तो आमच्या ओट्यावर येऊन बसतो. आम्हीं मूल पाहिलें, खुणा पाहिल्या, बाईस बोलावून एकच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "भाऊसाहेब, म्या लेकराला हात लावला तो निस्ता उचलायला." आम्हांस हें उत्तर टाळाटाळीचें वाटलें. आम्हीं अर्ज लिहिला. "तापलेल्या लोखंडी वस्तूनें डाग दिल्याच्या खुणा सदरहू मुलाचे पाठीवर स्पष्ट दिसत आहेत" असें वाक्य त्यांत घातलें. आणि वाक्य ठीक उतरलें म्हणून मनांतल्या मनांत थोडें समाधानही मानलें.

अर्ज घेऊन थेट ठाण्यावर जावें असा मामाचा बेत होता. परंतु फोड वाढत होते, मूल रात्रभर रडलें होतें. म्हणून आधीं दवाखाना आणि मग ठाणें असें ठरलें. मुलाचा बाप, मामा व आम्ही असे तिघे त्यास घेऊन नाशिकास एका त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलों. बाईस कोणीं चल म्हटलें नाहीं. ती आपण होऊन एस. टी.नें मागून आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली.

डॉक्टरांनीं मुलास खिडकीशीं उभें करून बराच वेळ पाहिलें. मग विचारलें, "अंगठे कोठें आहेत?" आम्हांपैकीं कोणासही प्रश्न समजला नाहीं. त्यांनीं मुलास वळविलें. छातीवर, दोन्ही बगलांच्या खालीं, एकेक आंखूड काळसर ठिपका होता. तो आम्हीं पाहिलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, "चार बोटें मागें आणि अंगठा पुढें. मारणारा हात असा पडत नाहीं. हा उचलणारा हात आहे." नंतर त्यांनीं एका बोटाच्या खुणेपासून कमरेकडे उतरत गेलेली एक बारीक तपकिरी रेघ दाखविली आणि म्हणाले, "आणि लोखंड असें ओघळत नाहीं." मग पुसलें, मूल ओरडलें तें कोणत्या दिवशीं? डागल्यास लेंकरूं त्याच क्षणीं किंकाळी फोडतें. ह्या मुलाची किंकाळी कोणीं ऐकली होती? कोणींच ऐकली नव्हती. शेवटीं त्यांनीं विचारलें, "ह्या आठवड्यांत घरांत लिंबें पिळलीं काय?"

तेव्हां बाईस आंत बोलावलें. लग्नाच्या सकाळीं ती मांडवाच्या सावलींत चार-पांच बायकांबरोबर लिंबें कापावयास व पिळावयास बसली होती. पोर खेळतां खेळतां आचाऱ्याच्या चुलाणाजवळ गेलें. तिनें ओल्या हातांनीं धांव घेतली, दोन्ही हातांनीं त्यास उचललें आणि मांडवाबाहेर नेऊन सोडलें. तें उघड्या अंगानें, घामाघूम, दुपारपर्यंत उन्हांत खेळत राहिलें. पुढें पंगती उठल्या आणि सर्वजण सर्व विसरलें. डॉक्टरांनीं तिला बांगड्या मागें सारावयास सांगितलें. मनगटापासून कोपराकडे गेलेली तशीच एक तपकिरी ओघळ तिच्या हातावर होती. पुऱ्या तळतांना तेल उडालें असावें अशी तिची समजूत होती.

ह्या विकाराची जी माहिती डॉक्टरांकडून मिळाली व नंतर आम्हीं चौकशी करून जमविली, ती बागाईतदारांस उपयोगी वाटल्यावरून येथें देत आहों.

कांहीं वनस्पतींच्या रसांत वा चिकांत सोरॅलेन नांवाचीं व त्याच्या गोत्रांतील द्रव्यें असतात. हीं द्रव्यें सावलींत त्वचेस कांहीं करीत नाहींत. ऊनही, नेहमीं सोसवतें तेवढें, एकटें कांहीं करीत नाहीं. परंतु रस अंगावर असतां ऊन लागलें म्हणजे दोघे मिळून असें काम करितात कीं तें भाजण्याहून वेगळें ओळखूं येऊं नये. सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे जे जंबुपार किरण असतात, त्यांपैकीं लांब लहरींचे किरण हें द्रव्य शोषून घेतें, त्वचेच्या पेशींतील बीजद्रव्यास जाऊन चिकटतें व पेशी मारून टाकतें. हे किरण साध्या कांचेंतून आरपार जातात. म्हणून मोटारीच्या खिडकीशीं बसलेल्या माणसासही ही बाधा होऊं शकते.

ह्यांत माणसास फसविणारी गोष्ट म्हणजे मधला काळ. रस लागला त्या वेळीं आग होत नाहीं, खाज येत नाहीं. लाली उमटावयास बहुधा एक दिवस जातो, आणि विकार पूर्ण फुलावयास दोन ते तीन दिवस. तोंपर्यंत लिंबू कोणाच्या ध्यानांत राहणार? मनुष्य तिसरे दिवशींचें दुखणें तिसऱ्याच दिवसाच्या माथीं मारतो. फोड बसल्यावर जो काळा डाग राहतो तो आठवडे, कित्येकदां महिनेही टिकतो. डागाचा आकार रसानें ठरतो: ओघळला तर रेघ, उडाला तर ठिपके, हात लागला तर हात. तळहाताची कातडी जाड असल्यामुळें पिळणाऱ्याच्या तळव्यास सहसा कांहीं होत नाहीं. पाठ मात्र, आणि तीही लहान मुलाची, लगेच उठते. डॉक्टर म्हणाले कीं, ह्या कारणानें निरपराध आईबापांवर संशय आल्याचीं उदाहरणें परदेशांतील वैद्यकीय ग्रंथांतही नमूद आहेत. त्या वेळीं आमचा अर्ज आमच्याच खिशांत होता.

ही कांहीं अंगच्या प्रकृतीची तक्रार नव्हे. एकाद्यास वांगें सोसत नाहीं, एकाद्यास शेंगदाणा सोसत नाहीं, तसा हा प्रकार नाहीं. पुरेसा रस व पुरेसें ऊन असेल तर तो कोणासही होईल, आणि पहिल्याच वेळीं होईल. अंग ओलें किंवा घामेजलेलें असेल तर अधिक. रस लागल्यापासून सुमारें अर्धा तास ते दोन तास त्वचा सर्वांत हळवी असते. म्हणजे मळ्यांत नऊला लिंबें तोडावयास लागलेला गडी दहा-अकराच्या उन्हांत नेमका ह्याच वेळीं सांपडतो.

लिंबाच्या बाबतींत लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, हें द्रव्य आंतल्या रसापेक्षां सालींतील तेलांत जास्त असतें. साल दाबली असतां जो बारीक फवारा उडतो तोच खरा वैरी. नुसत्या पाण्यानें तें तेल जात नाहीं, साबण लागतो. आणि येथें आम्हांस आमच्या घरांतील लेंकीसुनांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. तोंड उजळावें म्हणून लिंबाची फोड चोळावयाची आणि उन्हांत वाळवणें घालावयास बसावयाचें, हा प्रकार सर्रास चालतो. उजळण्याचें राहिलें बाजूस, महिना-दोन महिने काळे पट्टे मिरवावे लागतील.

दुसरें झाड अंजिराचें. आमच्या जिल्ह्यांत अंजीर बांधावर दोन-चार झाडें इतकाच. खरे अंजीरवाले पुरंदर तालुक्यांतील. अंजिराच्या पानांत व कोवळ्या फांद्यांत हें द्रव्य भरपूर असतें. पिकल्या फळाची तशी भीति नाहीं. छांटणी करणारे व फळें तोडणारे लोक हातावर फडकीं गुंडाळतात तीं उगीच नव्हेत. अंजिराच्या चिकास दुसरीही एक खोड आहे. तो मुळांतच मांस झिजविणारा असल्यामुळें सावलींतसुद्धां बोटांची सालटीं काढतो. म्हणून अंजीरवाल्यांस आग दोन वेळां होते: एक चिकाची, ताबडतोब, दुसरी उन्हाची, तिसरे दिवशीं. ते दोन्ही एकाच खातीं मांडतात, आणि सावलींत चीक धुऊन टाकला असतां दुसरी टळते हें त्यांच्या लक्षांत येत नाहीं.

तिसरी वनस्पति बावची. काळ्या जमिनीच्या बांधांवर पावसाळ्यांत आपोआप उगवते. जांभळीं फुलें, काळ्या चिकट शेंगा, उग्र वास. वर जें सोरॅलेन म्हटलें त्याचें नांवच मुळीं बावचीच्या शास्त्रीय नांवावरून पडलें आहे. १९३३ सालीं आपल्याच देशांतील रसायनशास्त्रज्ञांनीं तें बावचीच्या बियांतून वेगळें काढलें. आणि ज्या गुणानें ही बाधा होते त्याच गुणानें कोडावर उपचार होतो. आपल्या पूर्वजांस हें पक्कें ठाऊक होतें. चरकसंहितेंत कोडावर, म्हणजे श्वित्रावर, मलपूचा रस गुळाबरोबर देऊन रोग्यास उन्हांत बसवावें व उठलेले फोड कांट्यानें फोडावे असा विधि आहे. मलपू हें उंबर-अंजिराच्याच कुळांतील झाड. तिकडे मिसर देशांत नाईल नदीच्या कांठच्या एका ओव्यासारख्या रोपाच्या बिया ह्याच कामीं वापरीत. त्यांवरूनच कैरोचे डॉ. एल् मोफ्ती ह्यांनीं १९४८ सालीं कोडावरील नवा उपचार प्रसिद्ध केला, आणि १९७४ पासून हें औषध व मोजून दिलेला प्रकाश ह्यांची जोडी दुसऱ्याही त्वचारोगांवर जगभर चालूं लागली. पण "मोजून दिलेला" हे शब्द विसरतां कामा नये. बावची वाटून डागावर थापून घरच्या घरीं उन्हांत बसलेले आणि मूळ डागाच्या चौपट जागा भाजून घेतलेले गृहस्थ आम्हीं स्वतः पाहिले आहेत.

शहरांतील हॉटेलांसाठीं सेलरी लावणारांसही हा विकार गांठतो, आणि सेलरीस कुजव्या रोग लागला असेल तर ह्या द्रव्याचें प्रमाण पुष्कळ वाढतें. यूरोपांत ह्याच कुळांतील एक पुरुषभर उंचीचें रानटी रोप नदीकांठीं माजलें आहे. त्याच्या रसानें मुलें भाजतात, म्हणून तेथें तें उपटण्याची मोहीमच चालते. आमच्याकडे तें नाहीं. आमच्याकडे त्याहून वाईट आहे.

आम्ही गाजरगवताविषयीं बोलत आहों. कोणी त्यास काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. हें अमेरिकेकडील तण. पुण्यास आढळल्याची नोंद राव नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केली. परदेशी गव्हाबरोबर आलें म्हणतात. पुढें १९७४ सालीं पुण्याचे डॉ. लोणकर व दोन परदेशी तज्ज्ञ ह्यांनीं ह्या गवतानें होणाऱ्या त्वचारोगाची हकीकत वैद्यकीय जगापुढें मांडली. आज हें गवत नाहीं असा बांध, पडीक किंवा लोहमार्गाची कड आम्हांस तरी दिसत नाहीं.

ह्याची बाधा मात्र लिंबाहून भिन्न आहे, आणि हा भेद नीट समजून घ्यावा. लिंबाचा डाग जेथें रस तेथेंच, एकदांच. गाजरगवताचा विकार अंगच्या वावड्याचा आहे. वर्षानुवर्षें गवत उपटणाऱ्यास कांहीं होत नाहीं, आणि एके सालीं शरीर जें फिरतें तें पुन्हां सहसा वळत नाहीं. रस लागावयासच पाहिजे असेंही नाहीं; वाळलेल्या पानांची लव व धूळ वाऱ्यानें येऊन बसली तरी पुरे. म्हणून तो चेहरा, पापण्या, मान, गळ्याखालचा उघडा भाग व कोपरांच्या घड्या ह्या ठिकाणीं प्रथम दिसतो. ऊन त्यास चेतवितें. आणि कांहीं रोग्यांस अखेर अशी अवस्था येते कीं गवत दूर गेलें तरी नुसतें ऊनच सोसवत नाहीं. ज्याचा संसार उन्हांत आहे त्यास ह्याहून मोठी आपत्ति कोणती?

निफाडकडील आमच्या परिचयाच्या एका द्राक्षबागाईतदारांचें असेंच झालें. तोंड सुजलें, कातडी गेंड्यासारखी जाड व काळी झाली, रात्रीची झोंप गेली. फवारणीचें औषध बाधलें असें सर्वांनीं ठरविलें. त्यांनीं दोन हंगाम फवारणी गड्यांवर सोंपवून स्वतः बांधावर बसावयाचें धरलें. विकार वाढला. कारण बांधावरच तर गाजरगवत गुडघाभर उभें होतें! शेवटीं पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून डॉक्टरांनीं परीक्षा केली तेव्हां गुन्हेगार सांपडला. त्यांचे बांध आतां स्वच्छ आहेत, पण शेजाऱ्याचे नाहींत. पावसाळ्याचे चार महिने ते नाशिकास मुलाकडे राहतात. फोनवर बागेची चौकशी करतात.

तेव्हां हें गवत फुलावर येण्यापूर्वींच, पाऊस पडून जमीन ओली असतां, मुळासकट उपटावें; हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, तोंडास फडकें बांधून. ज्यास एकदां बाधलें आहे त्यानें ह्या कामास हात घालूंच नये. फुलावर आलेलें उपटून शेणखताच्या खड्ड्यांत टाकणारे लोक पुढील सालचें बीं स्वतःच्या हातानें पेरीत असतात. एकेका झाडास दहा दहा हजार व त्याहूनही अधिक बीं धरतें. मेक्सिकोहून १९८३ सालीं आपल्या देशांत आणलेला एक लहानसा पट्टेदार भुंगेरा ह्याचीं पानें खाऊन फस्त करतो. पावसाळ्यांत गवताच्या शेंड्यावर तो दिसल्यास कीड समजून औषध मारूं नये. तरोटा दाट उगवला कीं गाजरगवतास जागा मिळत नाहीं हेंही आम्हीं आमच्या पडकांत अनुभविलें आहे.

बिब्बा, शेर, रुई व चित्रक ह्यांच्या बाधेस उन्हाची गरजच नसते. त्यांतही शेराचा व रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टि जाण्याचें भय. लगेच भरपूर पाण्यानें डोळा धुवून वेळ न दवडतां दवाखाना गांठावा.

रसाच्या डागावर करावयाचें तें थोडें आहे. रस लागतांच, उन्हांत जाण्यापूर्वीं, साबणानें धुवावें. धुण्यास उशीर झाला असेल तर तो भाग जाड कपड्यानें झांकून दोन दिवस उन्हापासून राखावा. फोड फोडूं नये. चुना, राख, शाई, दातवण असले लेप घालूं नयेत. फोड मोठे असतील, तोंडावर किंवा लहान मुलास असतील, ताप येईल, तर डॉक्टर दाखवावा. लिंबाची व अंजिराची तोड शक्य तर उन्हें कलल्यावर करावी. आम्ही आतां तसेंच करतों. गडी प्रथम कुरकुरले, कारण सकाळची तोड त्यांच्या अंगवळणीं पडलेली होती. विहिरीवर साबणाची वडी ठेवली ती पहिल्या आठवड्यांत तीन वेळां नाहींशी झाली. चौथी दोरीनें बांधली आहे.

त्या दिवशीं नाशिकाहून परत येतांना गाडींत कोणी फारसें बोललें नाहीं. मामा खिडकीबाहेर पाहत होता. पोर सावत्र आईच्या मांडीवर झोंपलें होतें. तिनें पदर त्याच्या पाठीवर उन्हाच्या बाजूनें धरला होता, हें डॉक्टरांनीं सांगितलें होतें म्हणून. गांव आल्यावर मामानें तिच्यापुढें हात जोडले. आम्हांसही कांहीं बोलावयाचें होतें, पण शब्द सुचले नाहींत. तीस वर्षांवर दुसऱ्यांच्या वतीनें लिहिलें, स्वतःच्या वतीनें बोलावयाची संवय राहिली नाहीं. चार दिवसांनीं त्यांच्या दारीं जाऊन आम्हीं चूक कबूल केली. ती म्हणाली, "जाऊं द्या भाऊसाहेब. डाग होते म्हून तुमी लिवलं." बोलली एवढेंच.

मुलाच्या पाठीवरचे डाग दिवाळीच्या सुमारास दिसेनासे झाले. अर्ज आम्हीं फाडला नाहीं. घराच्या दफ्तरांत, सातबाराच्या उताऱ्यांखालीं ठेवला आहे. आमच्या मळ्यांत लिंबें अद्याप पुष्कळ येतात आणि गांवांतील बायका लोणच्यास मागावयास येतात. ती येत नाहीं. पोराच्या हातीं पिशवी देऊन धाडते, आणि पोर पिशवी घेऊन झाडाखालीं सावलींत उभें राहतें.